उणिवेचा रकाना

मुलुंड,
शुक्रवार, १६ डिसेंबर १९८३

प्रिय शिवदास,

हे पत्र माझी सून जया हातोहात आणून देईल. ती मरोळला कामाला जाते, तिथून तुझं घर जवळ, आणि पोस्टावर आज माझा भरवसा नाही. उभ्या उभ्याच वाच. परवाच्या कॉलेजांच्या फुटबॉल फायनलमध्ये तुझ्या नातवाला, चंदूला, खेळू देऊ नकोस. हसू नकोस रे. काल वाण्याच्या दुकानातून फोन केला तेव्हाही हसलास. "काय रे दशरथा, यंदा कोणाक कावीळ?" म्हणालास आणि फोन ठेवलास. मी रिसीव्हर कानाला लावून उभाच. शेवटी वाणी म्हणाला, "आजोबा, समोरून कधीच कट झालाय ना!"

ती कावीळ माझंच पाप. एकाहत्तर साली तुमच्या गोलकीपरचे डोळे पिवळे दिसतात असं मी पत्रकात लिहिलं, तू घाबरून त्याला बसवायला लावलंस आणि आम्ही तीन गोलांनी जिंकलो. पोरगा ठणठणीत होता. तू महिनाभर बोलला नाहीस, मग श्रीखंडाचा डबा घेऊन आलास. तेव्हापासून माझ्या शब्दाची वाट लागली ती लागलीच.

पण पत्रकांचा रिवाज किती छान होता, नाही? आपल्या गटाचं कौतुक कोणीही करतो, म्हणून मी तुमची अंधेरी-बोरिवलीची कॉलेजं बघायची, तू आमची घाटकोपर-मुलुंडची, आणि फायनलआधी एकमेकांना पत्रक धाडायचं. प्रत्येक खेळाडूचा जोर, दम, डोकं. शेवटी उणिवेचा रकाना. गिरणी सुटली, केस गेले, पण दर डिसेंबरात मैदानाच्या कडेला बसलं की शाळेतल्या कविता आपोआप ओठांवर येतात. पोरं धावतात आणि माझ्या मनात मात्रा पडत राहतात. तू मला यावरून 'कवितावाला' म्हणतोस, म्हण.

यंदाचं माप मी मन लावून काढलं होतं. तुमच्या गटात कॉलेजं सहा, आमच्यात चार. सगळे म्हणतात पश्चिम गट भारी, कारण तुमचा पहिला नंबर दक्षिण मुंबईतल्या मोठ्या कॉलेजला चार गोलांनी हरवून आला आणि आमचा एकाच गोलाने. पण तुमचे तळाचे दोन संघ अगदीच लेचेपेचे, त्यांच्यावर गोल चढवून आकडे फुगतात. आमच्याकडे चौथा संघसुद्धा पहिल्याला घाम फोडतो. एकास एक धरलं तर पूर्व गट कांकणभर सरस, असंच मी लिहिणार होतो. अडत होतं ते एका चंदूपाशी. त्याच्या तोडीचा आमच्या चारही कॉलेजांत कोणी नाही.

मंगळवारी अंधेरीला मी त्यालाच बघत होतो. कॉर्नरवर तो उडाला आणि दुसऱ्याचं डोकं त्याच्या कानशिलावर आदळलं. उठला, हसला, कपडे झटकले. टाळ्या पडल्या. मग कडेला माझ्यापाशी येऊन म्हणाला, "आजोबा, किती झाले?" मी म्हटलं, दोन-एक. एक फेरी मारून परत आला. "आजोबा, किती झाले?" तिसऱ्यांदाही तेच विचारायला आला. त्या दोनांतला दुसरा गोल त्याचाच होता रे.

घरी येऊन पत्रक लिहायला बसलो. चंदूच्या, म्हणजे चंद्रप्रकाशच्या, नावापुढे उणिवेचा रकाना. खरं लिहिलं तर तू म्हणणार, म्हाताऱ्याने पुन्हा कावीळ काढली. ही लाज आडवी आली. मी 'नाही' असं लिहिलं आणि बुधवारी पेटीत टाकलं. आता तोच कागद तुझ्यापाशी आहे आणि माझं तोंड बंद करायला पुरेसा आहे. तीन दिवस ताट तसंच सरकवतोय. जया विचारते, नाना, काय झालंय? तिला काय सांगू?

शिवदास, माझा धाकटा भाऊ लवू आठवतो? तू त्या महिन्यात गावी होतास. तापाने गेला, असं मी तुला सांगितलं, आईला सांगितलं, त्रेचाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. ताप नव्हता. भिजून दगड झालेला चामड्याचा चेंडू त्याने डोक्यावर घेतला होता. तोही हसत उठला होता. घरी येताना नेहमीसारखी कविता म्हणू लागला आणि पहिलीच ओळ म्हणत राहिला. पहिलीच. दुसरी येईना. मला कळलं होतं की काहीतरी बिनसलंय, पण दुसऱ्या दिवशी सामना होता आणि आमच्याकडे दुसरा लवू नव्हता. मीच त्याला म्हटलं, पड जरा, उद्या खेळायचंय. भरदुपारी मीच चादर घातली त्याच्या अंगावर. चहाला उठवायला गेलो तो उठला नाही. हे मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही, तुला लिहितोय, कारण दुसऱ्या कशाने तू माझ्यावर विश्वास ठेवशील ते मला सुचत नाही. तू चंदूला लहानपणी मांडीवर बसवून जी कविता शिकवलीस, ती त्याला आत्ता म्हणायला सांग. अडखळला तर तसाच डॉक्टरकडे ने. आणि धडधडीत सगळी म्हणाला, तरीही ने.

तुझाच,
दशरथ