मजेत आहे

शहापूर, २० जानेवारी २०२५

चि. जगदीशला आशीर्वाद, वाचून दाखवणाऱ्या सौ. भावनाला दुप्पट.

फोन कापता येतो, वाचणारी बायको कापता येत नाही, म्हणून हे पत्र, शेजारच्या पोरीकडून लिहवून घेतलेलं. काचबिंदूने तुझी नजर गेल्याला पाच महिने झाले नि तू खाट सोडत नाहीस म्हणे. लोक येतात, सुतकात बसावं तसे बसतात, चहा पिऊन जातात. त्यांना सांग, घरात मेलेलं कोणी नाय. माझे डोळे गेले तेव्हा शेजारीण माझ्याशी ओरडून बोलायची. कानांचंही उरकलं असं तिला वाटलं.

आम्ही नजर गेलेली अकरा माणसं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी इथल्या शाळेत बसतो. उपदेश नाही, भजन नाही. ज्याला जे सलतं ते तो बोलतो. आठ फेब्रुवारीला ये.

माया आहेच, रागही आहे.
तुझी थोरली, अनिता

वैशाखरे, २७ जानेवारी

ती. ताईस सा. न.

मी मजेत आहे. आंधळ्यांनी आंधळ्यांना काय दाखवायचं? वाल भावना तोडते, घर भावना बघते. मला काही कमी नाही. येणार नाही.

लोभ असू दे, आग्रह नको.
जगदीश

ता. क. हे माझं, भावनाचं. मजेत आहे असं त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. खोटं आहे. ते ठेचकाळू नयेत म्हणून मी रोज वाटेतल्या वस्तू उचलून दुसरीकडे ठेवते, नि ते तिथेच आपटतात. मग मीच म्हटलं, तुमी बसूनच रहा. ताई, माझं चुकतंय का?

शहापूर, ३१ जानेवारी

जगदीश-भावनास आशीर्वाद.

भावना, हे मोठ्याने वाच, तुझ्या ता. क.सकट. होय गो, चुकतंय. उखळ आहे तिथेच राहू दे. एकदा आपटेल, दुसऱ्यांदा वळसा घालेल. बैलालाही एवढं जमतं, हा तर माझा भाऊ.

जगदीश, मीही पाठच्या खोलीत आठ महिने मजेत होते. सकाळी डोळे उघडायचे नि रडायचे. भावना मुरबाडला तुला शहापूरच्या एसटीत बसवील. स्टँडवर मी काठी घेऊन उभी असेन. दोघं मिळून रस्ता चुकू, विचारत विचारत पोचू.

वाट बघतेय, माझ्या परीने.
अनिता

वैशाखरे, १० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

सुखरूप पोचलो. तुमच्या अकरांतल्या त्या तानसाच्या चांगोने मी टेकायच्या आधीच विचारलं, किती दिवस रडलास. मी म्हटलं, एकही नाय. तो म्हणाला, मग तुझं सगळंच बाकी आहे. सगळे हसले, मीही हसलो, नि तिथेच रडलो. कोणी पाठ थोपटली नाही, कोणी गप्प केलं नाही. पुढल्या महिन्यातही येणार, तू नको म्हणालीस तरी.

तिथे एक बोललो, ते घरी बोललो नव्हतो. इथे सांगतो, कारण लिहितेय तीच. भीती अंधाराची नाय. भावनाचा चेहरा विसरत चाललोय, त्याची आहे. लग्नातला आठवतो, आताचा हातून निसटतो.

इथे पेन थांबलं. विचारलं, तर म्हणाली रिफील संपली. म्हटलं, दुसरं आण गो, मला अजून बोलायचंय.

लोभ आहे तसाच धर.
तुझा जगदीश