मीच खांबाला धडकले

प्रिय धाकट्या,

चौकात तू माझ्या टॅक्सीवर आदळलास आणि मला काय लागलं हे विचारण्याआधीच म्हणालास, "ताई, माझ्या गाडीचा विमा संपलाय गं. सांभाळून घे."

मी घेतलं. मीच खांबाला धडकले, असं विमा कंपनीला सांगितलं. माझा हप्ता दुप्पट झाला. त्या धडकेत दुखावलेल्या डाव्या हाताला गिअर पेलेना, शेवटी टॅक्सी विकली. आईला वाटतं, मला कंटाळा आला.

काल फोनवर विचारलं, "विमा काढलास का रे?"

"काढू गं, घाई काय आहे?"

आता भांडायचंही त्राण नाही. हे पत्र पाठवलं तर रुसून आईकडे येणंही सोडशील. म्हणून फोनवर एवढंच सांगेन, गाडीत तुझ्या पोरीला मागच्या सीटवर बसवत जा.

तुझी,
दमलेली ताई