वाय मोटरीच्या दोन वायरी

३ फेब्रु., मंगळ

तिन्ही मोटरी फिरल्या! धुळ्याच्या मिस्त्रींचं मशीन, लाकडी दारांवर नक्षी कोरणारं. कंट्रोल कार्डापासून तिन्ही ड्रायव्हरपर्यंत, म्हणजे मोटरी चालवणाऱ्या डब्यांपर्यंत, आणि तिथून मोटरींपर्यंत सगळी वायरिंग माझी एकटीची. प्रत्येक टोकाला पिन दाबली, नंबर चिकटवले. एक्सची मोटर बरोबर, झेडची बरोबर. वाय तेवढी उलटी फिरते, पुढे जा म्हटलं की मागे येते. काही नाही, कॉम्प्युटरमध्ये एक खूण बदलायची. पण बारा वाजले, गार्गीची शाळा सुटेल, लेकीला आणायचंय. चालू ठेवूनच निघते, येऊन बघते. चारला मिस्त्री येणार आहेत.

४ फेब्रु., बुध

काल परत आले तर वायचा ड्रायव्हर मेलेला. लाल दिवा. मोटर हाताने फिरतेय, जीवच नाही. हे काय झालं ते कळायच्या आत मिस्त्री दारात.

आणि प्रकाश त्यांच्यासमोर म्हणाला, "वैशालीचं काम आहे, थोडं कच्चं राहिलं. सांभाळून घ्या."

कच्चं. सख्खा नवरा बोलतोय हे. आबा, माझे सासरे, आमच्याच दुरुस्तीच्या शेडमध्ये दोन हातांवर पंपाची मोटर बांधत बसलेले. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

मिस्त्री भला माणूस. "पुढच्या शुक्रवारी येतो ताई. चाललं तर नेतो, नाहीतर सुरतेहून तयार मागवतो." ते गेल्यावर प्र. म्हणे, या वेळी नाही जमलं तर तुझं टेबल काढू, उन्हाळ्याचे पंप ठेवायला जागा लागेल. तीन वर्षं शिकले मी त्या टेबलावर. पंप ठेवणार म्हणे.

५ फेब्रु., गुरु

सापडलं.

ड्रायव्हरवर वायच्या चार वायरी येतात. चारही टोकांना माझ्या पिना होत्या. आज पाहते तर दोन पिना कापलेल्या, तांबं उघडं, पीळ देऊन कडीसारखं दुमडलेलं. असं टोक या शेडमध्ये एकच माणूस वळतो. आणि त्या दोन वायरी एकमेकींच्या जागी.

आबांची चाळीस वर्षं थ्री-फेजमध्ये गेली. तिथे मोटर उलटी फिरली की कुठल्याही दोन वायरी बदला, झाली सुलटी. भुसावळपासून लोक मोटरी घेऊन येतात त्यांच्याकडे, उगीच नाही. पण या मोटरीत चार वायरी म्हणजे दोन जोड्या. एका जोडीतली दुसरीत घातली की संपलं. त्यात पॉवर चालू. चारशे चाळीसशी रोज खेळणारा माणूस छत्तीस व्होल्टला कशाला बटण बंद करेल!

बदलल्या तर बदलल्या. मदतच करायला गेले असतील. पण मग मिस्त्रींसमोर तोंडात मिठाची गुळणी का धरली? प्र. मला कच्चं म्हणत होता तेव्हा आबा दोन हातांवर होते. ऐकू येतं त्यांना, चांगलं ऐकू येतं.

जेवायला भरीत होतं. आबांचं ताट ठेवलं आणि आत निघून आले. आग्रह केला नाही.

९ फेब्रु., सोम

प्र.ला दाखवली ती टोकं. मोबाइलवर फोटोसुद्धा. म्हणाला, "आबांना काय विचारणार आता या वयात? नवा ड्रायव्हर लाव, विषय संपव."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानेच विषय संपवायचा. भांडलो. मेहरूण तलावापर्यंत चालत गेले, परत आले. राग तसाच.

नवा ड्रायव्हर आला. मीटर लावून जोड्या पुन्हा तपासल्या. घाई नाही केली. उठताना पॉवर बंद करून मेन स्विचला कुलूप लावते आता. किल्ली माझ्या पर्समध्ये.

१३ फेब्रु., शुक्र

चाललं. मिस्त्रींनी सागाची फळी आणली होती. पाऊण तासात मोर उठला, पिसाऱ्याची रेघन् रेघ. मिस्त्री फळीवरून हात फिरवत राहिले.

मग म्हणाले, "वाटलंच मला. शेवटी आबांचा हात लागला."

आबा पंपाच्या मोटरीकडे वळले. प्र. हसला. मी म्हटलं, "मिस्त्री, वायरिंग माझी आहे." ते म्हणाले, "हो हो ताई, तुमचीच. मदत केलीच असेल ना तुम्ही."

मदत!

दुसऱ्या मशीनची ऑर्डर पण दिली. शिंदखेड्याच्या त्यांच्या भावासाठी. अट एकच, वायरिंग आबांच्या नजरेखालून जायला हवी. प्र. लगेच हो म्हणाला. मला विचारलंही नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, उभ्या उभ्या घरी आले.

१४ फेब्रु., शनि

सकाळी आबा माझ्या टेबलाशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. स्टूल ओढून बसले. मग म्हणाले, "ते मनाकडथीन व्हयनं." त्यांच्याकडूनच झालं, कबूल केलं. मग कार्डाकडे बोट करून, "यामा कोन्या दोन वायरी बदलान्या, ते दखाड माले."

चाळीस वर्षं मोटरी बांधणारा माणूस मला विचारत होता. एरवी मी लगेच दाखवलं असतं. खरं तर हात वायरीकडे गेलाही होता.

म्हटलं, "मला सांगून काय उपयोग आबा? प्रकाशला सांगा. धुळ्याला फोन करून मिस्त्रींना सांगा. मग दाखवते."

सासऱ्यांना असं बोलले मी. या घरात कुणी बोललेलं नाही. आबा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि निघाले.

प्र. शेडच्या दारात टेम्पोवाल्याशी बोलत होता. आबा त्याच्यापाशी थांबले की तसेच पुढे गेले, ते मी पाहिलं नाही. मी मान खाली घालून पिन दाबत होते. तीनदा दाबली तरी बसेना.