मेंढरांवरून मोडलेला जबडा

३ फेब्रुवारी
जबडा मोडला! परवा सिरसाळ्याच्या सभेत गरजलो — पुढाऱ्यामागे खाली माना घालून चालणारी मेंढरं आहात तुम्ही! टाळ्या पडल्या. तेवढ्यात एक मेंढपाळ मंचावर चढला. काठीचा एकच तडाखा, दोन दात सतरंजीवर. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने आवळलेत. दीड महिना बोलायचं नाही. मी!

७ फेब्रुवारी
कुणी आलं नाही. माझ्या सभा भरवणारा अभिमन्यू तेवढा येऊन गेला — सुजलेल्या तोंडाचा फोटो हवा होता. पुण्याहून लेकीचा फोन. मी हुंहुं करत राहिलो. रेंज नाही समजून तिने ठेवला.

१२ फेब्रुवारी
तो काठीवाला मेंढपाळ आला! तात्याबा. जामिनावर सुटलाय. हातात शेळीचं दूध. मी पितळी तांब्या भिरकावला, कपाळ फुटलं त्याचं. रक्त पुसत ओट्यावर बसला. मारल्याचं वाईट वाटतं म्हणाला, पण मेंढरांना नावं ठेवायची नाहीत. "एक लंगडं झालं तर कळप थांबतो. तुमची मान्सं कुटं हायत?"
पाटीवर लिहिलं — चालता हो! त्याला वाचता येत नाही. बसूनच राहिला.

२० फेब्रुवारी
रोज येतो. मी नळीने दूध ओढतो, तो बोलतो. इतकं लांब माझं भाषणही नसतं! ताराबाई, त्याची बायको, घरात कानाला फडकं बांधते म्हणे. बिचारी. व्यायलेल्या मेंढीची गोष्ट आज तिसऱ्यांदा. मध्येच थांबून म्हणाला, "भाऊ, तुमी लई एकटे हायत."
काठी बसली तेव्हा रडलो नव्हतो.

२३ फेब्रुवारी
उशिरा आला. त्याच्यावर पाटी आपटली.

२७ फेब्रुवारी
दवाखान्यात. काल अभिमन्यू चार पोरं घेऊन आला — साहेब, तुमच्या अपमानाचा बदला! ओट्यावरच तात्याबाला लोखंडी पाइपने झोडपलं. हाड मोडल्याचा आवाज आला. थांबा म्हणायला गेलो — तार! आयुष्यभर जिभेने लढलो. काल तात्याबावर आडवा पडलो. पुढचा पाइप माझ्या जबड्यावर.
पोलिसांना लिहून दिलं: मारणारा अभिमन्यू. तात्याबाविरुद्ध माझी तक्रार नाही.

२८ फेब्रुवारी
पुन्हा नवी तार. सिस्टरने विचारलं, पेशंटसोबत कोण? शेजारच्या खाटेवरून तात्याबाने प्लास्टरचा हात वर केला. "मी हाय की."