दुसऱ्या हौदातले लठ्ठ मासे

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे अष्टांगांपैकी सहाच मोजावीत). लेकीचं बाळंतपण सुखरूप पार पडलं, बरं वाटलं. इकडे मी, भाऊजी आणि मासे खाऊनपिऊन आहोत. कोणी काय खाल्लं, एवढाच पेच आहे.

तू गेल्यावर भाऊजींनी परसातल्या दोन्ही हौदांत बोटाएवढे मासे सोडले. पहिल्या हौदाला दुकानातलं दाणेदार खाद्य, दुसऱ्याला त्यांनी स्वतः वळलेले कोंडा-पेंडीचे गोळे. दर रविवारी दहा-दहा मासे जाळ्यात धरून तोलायचे, आणि घरच्या गोळ्यांवरचे मागे पडले नाहीत, तर मत्स्यपालकांच्या बैठकीत छाती काढून सांगायचं. नोकरी सुटल्यापासून हा माणूस प्रथमच कशासाठी तरी रोज दाढी करत होता. संध्याकाळचं खाणं घालायचं काम माझ्याकडे.

तीन रविवार दुसरा हौद मागे. चौथ्या रविवारी भाऊजींनी दाढी केली नाही. मला बघवेना. सोमवारपासून मी दुसऱ्या हौदात मूठभर दाणेदार टाकू लागलो, आणि डब्यात तूट दिसू नये म्हणून ती मूठ पहिल्या हौदाच्या वाट्यातून काढली (लबाडीलाही शिस्त हवी). महिन्याभरात दुसऱ्या हौदातले मासे नव्वद ग्रॅम, पहिल्यातले उपाशी बिचारे साठ! तीस वर्षं मुलांना हेत्वाभास शिकवला, खोट्या कारणावरून निष्कर्ष काढू नका म्हणून बजावलं. आता तोच हेत्वाभास दोन्ही वेळा पोटभर जेवून परसात पोहतो आहे.

भाऊजी शीळ घालत फिरतात. शेजारच्या शिंप्याला म्हणाले, ''अहो, दुकानाची पायरी चढूच नका, माझे गोळे न्या!'' त्याने नेले. त्याच्या तळ्यात चारशे पिल्लं आहेत, आणि माझी मूठ एकच.

बाळाला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता.क. : पत्राचं खरं कारण असं, की शनिवारच्या बैठकीआधी तू फोन करून भाऊजींना हे सांगावंस. तू ओरडलीस की ते ऐकतात. मी बोललो की त्यांना जांभई येते.

ता.ता.क. : फोन करू नकोस. शेवटी मीच सांगितलं. ते हौदाच्या काठावर टेकले. मग म्हणाले, ''मास्तर, पहिले तीन आठवडे माझे मासे किती मागे होते हो?'' मी वजनांची वही काढली. चौथा हिस्सा. ''एवढंच? मग अर्धं-अर्धं मिसळून बघायला हरकत नाही,'' असं म्हणून ते शिंप्याकडून गोळे परत आणायला गेले. शनिवारी सगळ्यांसमोर खरं ते सांगणार आहेत, माझ्या नावानिशी. म्हणून बाळ बघायला मी शुक्रवारच्या गाडीनेच येतो.