टेबल सहाचा उजवा खांदा

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा चेलना! सरांना दुसरं नावच येत नाही. आज प्रेमराज सरांनी डिसेक्शन हॉलमधली सगळी मुलं आमच्या टेबलाशी बोलावली. का, तर चेलनाने उजव्या खांद्याची कातडी कशी सोडवलीय ते बघा. "हात असा हवा," म्हणाले. आणि माझे काय पाय आहेत?

त्यातच सरांनी जाहीर केलं. यंदा कॉलेजच्या म्युझियमसाठी खांद्याचा नवा नमुना हवाय, पाठीकडून उघडलेला. ज्याचं काम सगळ्यात स्वच्छ, त्याचा नमुना काचेच्या पेटीत जाणार आणि खाली पट्टीवर त्याचं नाव. आम्ही शिकून निघून जाऊ तरी नाव तिथेच राहील.

मला ते नाव हवंय. या वहीत लिहायला कुणाची चोरी आहे का?

५ फेब्रुवारी, गुरुवार

सहा नंबरच्या टेबलावर आम्ही चौघं. अनुज आणि विधीकडे कोपरापासून खाली, खांदे आम्हा दोघींकडे. उजवा चेलनाचा, डावा माझा. सर म्हणाले आधी उजवा पूर्ण करा, मग डावा. म्हणजे आधी तीच! ती जळगावच्या कापडवाल्यांची. पहिल्याच झटक्यात 'नीट'ची परीक्षा पास. मला दोन वर्षं घासावी लागली.

एकीने कापायचं तेव्हा दुसरीने पुस्तक मोठ्याने वाचायचं, ही इथली रीत. हातमोजे चरबीने बरबटलेले असतात, कापणारीला पान उलटता येत नाही. वाचणारीने दोन ओळी पुढे बघून ठेवायच्या, आणि काही जपायचं असलं की 'थांब' म्हणायचं. म्हणजे पंधरा दिवस डोकं माझं, घसा माझा, कौतुक तिचं. आयत्या बिळावर नागोबा!

आणि रोज सुरुवात करण्याआधी ती त्या देहासमोर हात जोडून डोळे मिटते. हॉलचे सुपडूभाऊ तर खूश. तिच्या कात्र्या आधी धुऊन ठेवतात. आम्ही काय देहाला शिव्या देतो?

९ फेब्रुवारी

चेलनाच्या घरून एसटीने डबा आला. खाकरे. सगळ्यात आधी मला दिले. त्याचा जास्तच राग आला. चार खाल्ले.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज डेल्टॉइड उलटून बाजूला केला. केवढा जाड स्नायू! म्हातारबुवांनी आयुष्यभर ओझी वाहिली असणार. कोण होते, कुठले, आम्हाला कुणी सांगत नाही. त्याखाली सांधा. वाटी एवढीशी आणि तिच्यात बसायचा चेंडू कितीतरी मोठा. हाडाचा आधार जवळजवळ नाहीच. चार लहान स्नायू चहूकडून धरून ठेवतात म्हणून तो जागेवर राहतो.

संध्याकाळी नानांना फोनवर हे सांगितलं. नाना ट्रॅक्टर घेण्याआधी वीस वर्षं रावेरच्या बागांमधून केळीचे घड खांद्यावर वाहायचे. उजवा हात आता कानाच्या वर जात नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढं वजन मी चार दोऱ्यांवर टाकत होतो का गं?"

नमुन्याचंही सांगितलं. म्हणाले, नाव लागलं की बघायला येतो, आईलाही आणतो. आता माघार नाही. पण चेलनाचा खांदा इतका सुरेख चाललाय की माझी पाळी यायच्या आतच निकाल लागेल. डोळ्यांत खुपतंय!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं.

खांद्याच्या मागे एक चौकोनी जागा असते. वर टेरिस मायनर, खाली टेरिस मेजर, आतल्या बाजूला ट्रायसेप्सचं लांब डोकं, बाहेर दंडाचं हाड. बोटभर खिडकी. तिच्यातून ॲक्झिलरी नस बाहेर येते, डेल्टॉइडला जाते. सोबत धमनी. नमुन्यात बघायचं असतं ते हेच. नस गेली की पेटीत ठेवण्यासारखं काही उरत नाही.

चेलना चरबी काढत होती. मी वाचत होते. चरबीत एक पांढरट दोरा दिसला. मी गप्प राहिले. कात्री चालली. दोन टोकं वेगळी झाली.

"काय व्हयनं ताई?" सुपडूभाऊ धावत आले. चेलनाचा चेहरा पांढराफटक. सर आले, वाकून बघितलं, चष्मा काढला. कुणाची चूक म्हणून विचारलं. चेलना म्हणाली, "माझाच हात चुकला, सर."

मी काहीच केलं नाही. नुसती गप्प बसले. गप्प बसणं हा काही गुन्हा नाही. माणसाचं लक्ष नसतं एखाद्या वेळी.

१४ फेब्रुवारी

छान वाटतंय. खोटं कशाला लिहू? मेसमध्ये दोनदा भाजी घेतली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारपासून माझी पाळी. डावा खांदा. आता चेलना वाचते.

मला वाटलं होतं फुगून बसेल, तोंडातल्या तोंडात वाचेल. कसलं काय! घरून वाचून येते. पुस्तकात नाही तेही सांगते. मी चिमटा जरा जोरात ओढला तर म्हणाली, "थांब मयुरी, मागे धमनी आहे." आज तीन वेळा 'थांब' म्हणाली. तिन्ही वेळा बरोबर.

तिसऱ्या वेळी मी चिडले. म्हटलं, कळतं मला. तर सॉरी म्हणाली! हिला भांडता का येत नाही? भांडली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

२० फेब्रुवारी

चौकोनी जागा मोकळी झाली. नस अखंड! धमनीही. सुपडूभाऊसुद्धा 'बेस' म्हणाले. चेलनाने टाळी वाजवली, हातमोज्यांतच.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

निवडला! टेबल सहा, डावा खांदा. पट्टी छापायला गेली — मयुरी लोटन महाजन. नानांना फोन केला तर त्यांनी आधी आईला दिला, 'हिला सांग' म्हणाले. होळी झाली की दोघं धुळ्याला येणार आहेत.

सर म्हणाले, "तुझ्या हातात धीर आहे. चेलनाने घाई केली." मी मान खाली घातली. त्यांना तो माझा नम्रपणा वाटला असेल. चेलना शेजारीच उभी होती. घाई केली नव्हती तिने.

आनंद झालाय. झालाच आहे. मग मेसमध्ये ताट अर्धं टाकून का उठले?

२ मार्च, सोमवार

चेलना जैन. त्यांच्यात दर चार महिन्यांनी एक दिवस येतो. वर्षातला मोठा वेगळा, हा लहान. त्या दिवशी ज्याच्या-त्याच्याकडे जाऊन क्षमा मागायची. आज सकाळी ती माझ्या खोलीत आली. मला वाटलं, सगळ्यांकडे जाते तशीच आली असेल. दार लावून घेतलं. हात जोडले. म्हणाली, "मयुरी, त्या दिवशी तू मला मुद्दाम चुकीचं सांगितलंस असं माझ्या मनात आलं. दोन आठवडे तसंच धरून बसले. माझं चुकलं. क्षमा कर."

मी म्हटलं, वेडी आहेस का. केली क्षमा! असं म्हटलं मी तिला.

१३ तारखेचं पान आता काढून बघितलं. तिथे मी लिहिलंय की मी गप्प होते. गप्प नव्हते. तिने कात्री उघडी धरून विचारलं होतं, "हे कापू?" पुस्तकातली पुढची ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. मी म्हटलं, "काप. चरबीच आहे."