दुसरी ओळ

॥ श्री वीतरागाय नमः ॥

माधवनगर,
ता. १६ जानेवारी १९९६

चि. शांतिनाथ यास,
मामीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. सोबत तिळगूळ आणि तू मागितलेली कॅसेट पाठवत आहे. तिळगूळ आधी संपवशील हे ठाऊक आहे, कॅसेट मात्र नीट ठेव.

तू लिहिलेस की आईचा फोटो आहे, पण आवाज कसा होता ते काहीच आठवत नाही. वाचून पदर डोळ्याला लावला. पद्मावन्सं तापात गेल्या तेव्हा तू जेमतेम अडीच वर्षांचा, तुला कुठले आठवणार? त्या माहेरी आल्या की आजीबरोबर जात्यावर बसायच्या, त्याच ओव्या तुला हव्यात, हे माझ्या ध्यानात आले. शेजारच्या धोंडुबाईंचा टेप आणून सगळ्या ओव्या भरल्या आहेत.

आजीला जात्यावर बसू दिले नाही. घरघरीत शब्द बुडतात, शिवाय गिरणी आल्यापासून जाते माळ्यावर पडले आहे. पंख्याखाली खुर्चीत बसवली. तिला एकच ओळ दोनदा म्हणायची खोड आहे. तसे केले असते तर निम्म्या ओव्यांतच कॅसेट संपली असती. म्हणून ती ओळ परत धरू लागली की मी बटण दाबून टेप थांबवायची, पुढची ओळ आली की सोडायची. त्यामुळे एका बाजूत सगळे बसले. दुसरी बाजू कोरी कशाला जाऊ द्यायची, म्हणून तिथे मी भक्तामर स्तोत्र म्हटले आहे. रोज सकाळी ऐकलेस तर बरेच.

तू नोकरी करतोस त्या शाळेतले ते शिलाँगचे सर भारी दिसतात. इंग्रजी गाण्यांचे दोन डबे, एकात ब्लूज आणि एकात कंट्री. कुणी एकातली कॅसेट दुसऱ्यात घातली तर जेवता जेवता उठतात म्हणे. दोन्हीत रडगाणेच असेल तर एक डबा पुरे, असे त्यांना माझ्याकडून सांग.

पलूसचे एक स्थळ मामांनी पाहून ठेवले आहे. उत्तरात हा मजकूर गाळू नकोस.

कळावे. माया आहेच, ती पत्रातून दिसत जावी.
तुझी मामी,
त्रिशला


सातारा,
ता. २८ जानेवारी १९९६

ती. सौ. मामीस,
शांतिनाथचा कृ. सा. न. वि. वि.

कॅसेट मिळाली. तिळगूळ सरांनीच संपवला, त्यामुळे तो आळ माझ्यावर नको. आजीचा आवाज ऐकून बरे वाटले. शब्द अगदी स्वच्छ आहेत. भक्तामरही ऐकले, रोज ऐकेन असे खोटे लिहीत नाही.

तुझा निरोप सरांना सांगितला. ते खूप हसले आणि मग तासभर बोलत बसले. ते म्हणाले, मामींचे निम्मे खरे आहे. गरिबी तीच, गिटार तीच, पुष्कळदा चालही तीच. अमेरिकेतले काळे आणि गोरे गाणारे एकमेकांची गाणी ऐकतच मोठे झाले. दोन डबे रेकॉर्ड कंपन्यांनी केले, तेही गाणाऱ्याच्या कातडीवरून. त्यामुळे सर डब्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाहीत, कानाने ठरवतात. कंट्री गाणे बहुतेक वेळा घरातून निघते आणि कुठेतरी पोचते, त्याला गोष्ट सांगायची असते. ब्लूज जागचे हलत नाही. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि मग तिसरीत तिला उत्तर द्यायचे. सूरही असा की पेटीवर शोधायला गेले तर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत सापडावा. नियम पक्का नाही, सरळ धावणारे ब्लूजही असते, असेही ते म्हणाले.

आजीच्या ओव्या त्यांनी ऐकल्या. मराठी कळत नाही, तरी म्हणाले की आवाज ब्लूजच्या डब्यातला आहे, पण गाणे घाईत आहे, कुणीतरी मागून ढकलल्यासारखे. तेव्हा मी त्यांना तुझे बटण सांगितले.

मामी, एक विचारायचे आहे. 'लेक चालली साताऱ्याला' या ओवीत तुझे बोट जरा उशिरा पडले आहे. ओळ दुसऱ्यांदा सुरू होते, 'लेक चाल' एवढेच येते आणि तुटते. तेवढ्या दीड शब्दात आवाज आजीचा नाही. बारीक आहे, तरुण आहे. मी पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकले. तिथे आणखी कोण बसले होते?

मामांना नमस्कार. पलूसचा मजकूर वाचला आहे, गाळलेला नाही.
लोभ असाच राहू द्यावा, आणि उत्तर लवकर यावे.
तुझा,
शांतिनाथ


माधवनगर,
ता. ३ फेब्रुवारी १९९६

चि. शांतिनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तिथे दुसरे कोणी नव्हते. आजी आणि मी.

तुझे पत्र आजीला वाचून दाखवले आणि तो आवाज कुणाचा ते विचारले. आधी तिने हसण्यावारी नेले, माजाच की म्हणाली. मी पुन्हा विचारले तेव्हा पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, पयली वळ माजी, दुसरी पदमीची.

जात्याला दोघी समोरासमोर बसायच्या. आजीने ओळ टाकायची आणि खुंटा अर्धा फेरा न्यायचा. वन्संनी तीच ओळ उचलून फेरा पुरा करायचा. तिसरी दोघींनी मिळून. वन्सं गेल्यावर दुसऱ्या ओळीला कुणी राहिले नाही. तेव्हापासून आजी ती त्यांच्या आवाजात म्हणते, त्यांची मुरड घेऊन. असे का, म्हणून विचारले तर माझ्याकडेच बघत राहिली. म्हणाली, "लेक गेली म्हनून तिची वळ पन टाकू व्हय?"

इतकी वर्षे मी भिंतीपलीकडे चुलीशी बसून हेच ऐकत होते आणि त्याला म्हातारीची खोड म्हणत होते. शांतू, तुला आईचा आवाज हवा होता. तो आला की मी दर वेळी बटण दाबत होते.

आता पुन्हा भरायचे. जाते माळ्यावरून खाली काढले, धुऊन वाळवले. पण धोंडुबाई लेकीच्या घरच्या लग्नाला आटपाडीला गेल्या आहेत आणि टेप बरोबर नेला आहे. पंधरवड्यात येतील. मामा म्हणत होते, सांगलीतून नवा आणू. मी म्हटले, एका दुपारच्या कामाला नवा कशाला, धोंडुबाई येतातच आहेत. आजीही खुशीत आहे, रोज विचारते की टेप कवा येतोय.

रागावू नकोस. रागावलास तरी लिहीत जा.
तुझी मामी


माधवनगर,
ता. १२ फेब्रुवारी १९९६

चि. शांतिनाथ यास आशीर्वाद.

मामांची तार मिळाली असेल, पण तू निघाला नसलास तर कळावे म्हणून लिहीत आहे. काल सकाळी आजी आंघोळीहून येताना कोसळली. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. जिवाला धोका नाही असे डॉक्टर म्हणतात. बोलणे परत येईल का, यावर नीट उत्तर देत नाहीत. तिला सगळे कळते. माझ्याकडे बघते आणि मग जात्याकडे बघते.

लवकर ये.
मामी


सातारा,
ता. २१ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. मामीस,
कृ. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्याकडे चार दिवस होतो, पण तू ताट वाढताना एकदाही माझ्याकडे पाहिले नाहीस. निघताना मामांनी सांगितले की तू एकभुक्त धरले आहेस आणि गोड सोडले आहेस. नवस तुझा आणि देवाचा, त्यात मी कोण बोलणार? पण ते माझ्या नावाने असेल तर सोड. माझ्याकडे आता दीड शब्द आहे. जानेवारीपर्यंत तोही नव्हता. आणि तो तुझे बोट चुकले म्हणून मिळाला.

आजीच्या उशाशी बसून मी ती ओवी म्हणायचा प्रयत्न केला, पण जमली नाही. तिने डाव्या हाताने माझ्या तोंडावर हात फिरवला.

तब्येतीला जप. हक्काने लिहिले, तो हक्क कमी करू नये.
तुझा,
शांतिनाथ


माधवनगर,
ता. ५ मार्च १९९६

चि. शांतिनाथ यास,
मामीचे अनेक आशीर्वाद.

धोंडुबाई आल्या. टेप दारात ठेवून आल्या पावली गेल्या, त्यांना कुणीतरी सांगितले असावे.

काल दुपारी आजीची खाट जात्याजवळ ओढून घेतली आणि मी जात्यावर बसले. मला ओव्या येत नाहीत, बस्तीत देवापुढे म्हणतात ती स्तवने तेवढी येतात, तीही पेटीच्या धाकात. तरी पहिली ओळ म्हटली:

लेक चालली साताऱ्याला, गाडीमागं ग धुरळा

आणि थांबले. दुसरी माझी नव्हती. जाते मात्र ओढत राहिले. मला वाटले, आजीला झोप लागली. तेवढ्यात तिचा डावा हात गोधडीवर सरकू लागला. अर्धा फेरा, सावकाश. ओठ हलत होते, आवाज नव्हता. हात जागेवर परत आला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले, मग मी तिसरी म्हटली:

धुरळा बसला वाटंला, जीव बसंना जागंला

अशा आठवल्या तेवढ्या सगळ्या म्हटल्या. दर वेळी तिने हात फिरवला, आणि दर वेळी मी थांबले. टेपला बोट लावले नाही.

ती कॅसेट पाठवत आहे. माझा आवाज चिरका आहे, सरांना ऐकवायच्या आधी विचार कर. दर ओवीत मध्ये नुसती दगडाची घरघर आणि आजीचा श्वास ऐकू येईल. टेप बिघडला असे समजून पुढे ढकलू नकोस. ती तुझ्या आईची ओळ आहे. वाटले तर तिथे तू म्हण, नाहीतर नुसता बस.

दुसरी बाजू कोरीच ठेवली आहे. तिथे काही भरावेसे वाटले नाही.

एकभुक्त चालू आहे. ते तुझ्या नावाने नाही.

आजीचे आशीर्वाद तिने हाताने सांगितले, ते मी लिहिले. माया ठेव, जेवढी उरली असेल तेवढी.
तुझी,
त्रिशलामामी